दुसऱ्या हाकेला

शनिवारी कुणी मारुतीला जातं, कुणी मंडईत जातं, कुणी सिंहगड चढून पिठलं-भाकरी खाऊन येतं. खरवंडीकर शनिवारी मुलाखतीला जायचे. नोकरी हवी म्हणून नव्हे. नोकरी त्यांना होती आणि ती सोडायचा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाही नव्हता. पेपरात सॉफ्टवेअर कंपन्यांच्या जाहिराती यायच्या, ‘शनिवारी सकाळी थेट मुलाखती’. त्यातली एक निवडून ते इस्त्रीचा फिकट निळा शर्ट घालायचे, चेनची प्लास्टिकची फाइल काखेत मारायचे आणि बस पकडायचे. संध्याकाळपर्यंत त्यांची निवड झालेली असायची. सोमवारी फोन आला की ते नकार द्यायचे.

हे नकार ऐकायला मी मुद्दाम सोमवारी सकाळी त्यांच्या टेबलाजवळ घुटमळायचो. "नाही नाही, पगाराचा प्रश्न नाही. आपली कंपनी चांगली आहे. खुर्च्या तर विशेष चांगल्या आहेत. पण मी इथे बरा आहे." एवढं बोलून ते फोन ठेवायचे आणि साखर कारखान्याच्या पगाराकडे वळायचे.

एका साखर कारखान्याच्या कामगारांचा पगार काढणारा प्रोग्रॅम सांभाळणं हे त्यांचं काम. तो प्रोग्रॅम इतका जुना होता की लिहिणारा कधीच निवृत्त झाला होता आणि तो का चालतो हे खरवंडीकरांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे खरवंडीकरांनाही कुणी हात लावत नसे. आमच्या कंपनीत नुकतं मिसरूड फुटलेल्या पोरांचा भरणा. त्यात हा चाळिशी उलटलेला, कसबा पेठेत राहणारा, डब्यात रोज पोळी आणि मटकी आणणारा माणूस काचेआड शांत बसलेला असायचा.

मी वाशिमचा. ही नोकरी मिळण्यापूर्वी मी ज्या मुलाखती दिल्या, त्यांतून बाहेर येताना माझा शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. एका ठिकाणी तर स्वतःच्या कॉलेजचं नाव आठवेना. त्यामुळे लोक ज्याला जन्माची परीक्षा समजतात तिथे हा माणूस सहलीला गेल्यासारखा जातो, हे बघून मला त्यांच्याविषयी जे वाटायचं त्याला भक्तीच म्हणायला हवं. इतर पोरं त्यांना चक्रम म्हणायची. मीही हसायचो, पण माझं हसणं जरा अदबीचं असायचं.

पुण्यातल्या कंपन्यांविषयी त्यांचं ज्ञान अफाट होतं. कुठली कंपनी काय बनवते हे त्यांना ठाऊक नसे, पण कुठल्या कंपनीच्या बाहेरच्या हॉलमध्ये एसी थेट मानेवर येतो, कुठे पाण्याचा पेला धुतलेला नसतो, कुठे बिस्किटं क्रीमची देतात, हे सगळं तोंडपाठ. "चहावरून कंपनी कळते," ते म्हणायचे. "फिका चहा देणारे पुढे पगारवाढही फिकीच देतात."

आणि त्यांची उत्तरं. त्या काळी मुलाखतीत कोडी घालायची फॅशन होती. रस्त्यातल्या गटाराचं झाकण गोल का असतं, हे एक ठरलेलं कोडं. आमच्यासारखी पोरं त्याचं उत्तर घोकून जायची. खरवंडीकर शांतपणे म्हणायचे, "पुण्यात आधी झाकण असतं का, ते बघावं लागेल." मुलाखत घेणारा हसायचा. तो हसला की मग ते खरं उत्तर द्यायचे, गोल झाकण कसंही फिरवलं तरी भोकात पडत नाही म्हणून. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" या प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच: "कसब्यातच." स्वतःचा एखादा दोष सांगा म्हटलं की आम्ही सगळे ‘मी फार मेहनत करतो’ असं काहीतरी गुळगुळीत सांगायचो. ते सांगायचे, "मला कुणाचं बोलणं मधेच तोडता येत नाही. त्यामुळे माझ्या मीटिंगा लांबतात." हे अगदी खरं होतं.

दोन बाबतींत मात्र त्यांचं वागणं मला उमगत नसे. पहिली त्यांच्या नावाची. आमच्या कंपनीत अमेरिकन रीत होती, साहेबालाही नावानं हाक मारायची. खरवंडीकरांना ते मंजूर नव्हतं. "आडनावानं बोलवा. नाव घरच्यांसाठी असतं," असं ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत. एक नवा मॅनेजर "हाय सदानंद" म्हणत आला, तेव्हा त्यांनी मान वळवून मागे कोण आलंय ते पाहिलं. मॅनेजरनंही पाहिलं. मागे झेरॉक्सचं मशीन होतं.

दुसरी गोष्ट मुलाखतीच्या हॉलमधली, त्यांनीच सांगितलेली. तिथे एचआरची मुलगी दार उघडून एकेकाचं नाव पुकारते. पुकारलं की पोरं स्प्रिंग लावल्यासारखी उठतात. खरवंडीकर पहिल्या हाकेला कधीच उठत नसत. ती दुसऱ्यांदा हाक मारायची, मग हे सावकाश उठायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पहिल्या हाकेला उठणारा माणूस गरजू दिसतो." मला ते इतकं पटलं की मी पुढे चार जणांना माझंच म्हणून सांगितलं.

मग अमेरिकेच्या बाजारात काहीतरी फुटलं आणि त्याचे शिंतोडे आमच्यापर्यंत आले. माझा प्रोजेक्ट बंद झाला. मी ‘बेंच’वर आलो. बेंच म्हणजे काम नाही, रोज यायचं, बसायचं, आणि आपल्याला कधी बोलावतात याची वाट बघायची. बोलावलं की उठायचं ते कायमचं. महिनाअखेरपर्यंत बघू, असं मला सांगण्यात आलं होतं. घरी कळलं तेव्हा काकांचा फोन आला. त्यांचं वाशिमला खताचं दुकान आहे. "काई टेन्शन घेऊ नको रे," काका म्हणाले, "गल्ल्यावर तुह्यासाठी खुर्ची ठेवली हाय." काका मनानं फार चांगले. पण ती खुर्ची मला रोज डोळ्यांसमोर दिसायला लागली. मी गावातला पहिला कॉम्प्युटर इंजिनिअर. पुण्याला निघालो तेव्हा स्टँडवर अर्धी आळी आली होती, आणि त्याच स्टँडवर बॅग घेऊन परत उतरायची कल्पना मला सोसत नव्हती.

मी खरवंडीकरांकडे गेलो. म्हटलं, "मला तयार करा."

त्यांनी मटकीचा घास संपवला. "रविवारी घरी या. पेन आणा. पेन्सिल नको."

कसब्यात तांब्याची भांडी ठोकणारे अजून आहेत. खरवंडीकर अशाच एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचे. खालून सकाळपासून ठक ठक ठक. मी म्हटलं, इथे डोकं कसं चालणार? ते म्हणाले, "इथे चाललं तर एसीत पळेल."

घरात कुणी नव्हतं. कपबशा दोन होत्या, त्यातली एक बराच काळ वापरात नसावी, कारण त्यांनी ती फडताळातून काढून आधी धुतली. "घरचे बाहेरगावी गेलेत का?" मी विचारलं. "हो," ते म्हणाले, "बरेच दिवस झाले." आणि कागद पुढे सरकवला.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला शिकवणी म्हणणं अपुरं आहे. माझ्याकडून ते कागदावर पेनानं प्रोग्रॅम लिहून घ्यायचे. खाडाखोड केली की कागद फाडायचे. "इथे डिलीटचं बटण नाही. आधी डोक्यात लिहा." मग ते स्वतः मुलाखत घेणारे व्हायचे, आणि एकच नव्हे. दाराबाहेर जायचे आणि वेगळाच माणूस होऊन आत यायचे. एक साहेब डुलक्या काढणारा. एक सारखा फोनवर बोलणारा. एक आपल्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देऊन वर आपल्यालाच चूक ठरवणारा. एक परदेशातून नुकताच आलेला, ज्याला पाण्याच्या पेल्याकडे बघूनच पोटात कळ यायची. चष्मा नाकावर जरा खाली-वर केला की माणूस बदलायचा. मी पोट धरून हसायचो आणि त्याच दमात घाबरायचोही, कारण प्रश्न खरे असायचे. एवढी कला अंगात असलेला माणूस साखर कारखान्याच्या पगारावर बसून राहतो याचं मला अपार नवल वाटायचं.

एकदा त्या ‘फोनवरच्या’ साहेबानं मला असा कोपऱ्यात गाठला की माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, मले नाई येत हे."

खरवंडीकर एकदम खरवंडीकर झाले. "उत्तम. आत्तापर्यंतचं तुमचं सगळ्यात खरं उत्तर. येत नाही ते असंच सांगायचं, एका वाक्यात. फक्त तिथे इंग्रजीत सांगा, त्यांना वऱ्हाडी येत नसेल तर त्यांची पंचाईत होईल."

पण त्यांचा सगळा जोर एका प्रश्नावर होता. ‘स्वतःविषयी सांगा.’ प्रत्येक मुलाखत याच प्रश्नानं सुरू होते आणि पोरं इथेच आपटतात, असं ते म्हणायचे. मी मार्कांपासून सुरुवात केली की हात वर करायचे. "ते कागदावर आहे. कागदावर नाही ते सांगा. तो माणूस खास तुमचं ऐकायला बसलाय. असं कोण बसतं हो एरवी?" मग मी वाशिमचं सांगितलं, वडिलांच्या शाळेतल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरचं सांगितलं, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून त्याला शालूचं कापड घातलं होतं ते सांगितलं. ते मान हलवत ऐकत राहिले. मधे एकदाही तोडलं नाही.

"आता तुम्ही सांगून दाखवा ना," मी म्हटलं, "तुम्ही काय सांगता ते."

"ते मी तिथेच सांगतो," ते म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

महिनाअखेर आली. नगर रोडला, वाघोलीच्या अलीकडे, एका कंपनीत शनिवारी मुलाखती होत्या. त्या दिवसांत भरती करणारी ती बहुधा एकटीच कंपनी असावी. "मी येतो बरोबर," खरवंडीकर म्हणाले. "नाहीतरी शनिवार आहे." मला धीर आला. ते निळ्या शर्टात, मी उसन्या टायमध्ये, असे आम्ही बसमधून उतरलो तर समोर गेटपासून रस्त्यापर्यंत रांग. पुण्यातला सगळा बेंच उठून तिथे आला होता.

सकाळी लेखी परीक्षा झाली, निम्मे लोक गेले. मग कागदावरचे प्रोग्रॅम, मग कोडी. पेनानं लिहिताना मला खालून तांबटाचे ठोके ऐकू येताहेत असं वाटत होतं, आणि खरंच डोकं पळत होतं. दुपार कलली तेव्हा हॉलमध्ये बाद झालेले काही जण फाइली आवरत रेंगाळत होते, आणि उरलो होतो आम्ही दोघंच. मी आणि खरवंडीकर.

एचआरची मुलगी आली. चेहरा पडलेला. म्हणाली, वरून निरोप आलाय, आता एकच जागा भरायचीय. डायरेक्टर दोघांनाही भेटतील आणि लगेच ठरवतील. सोमवारपासून भरती बंद.

ती गेली आणि मी खरवंडीकरांकडे पाहिलं. शेजारी जो माणूस बसला होता तो आजवर एकाही मुलाखतीत हरला नव्हता. ते सोमवारी फोनवर नकार देतील, हे मला माहीत होतं. पण सोमवारी ती जागाच उरणार नव्हती. त्यांना नको असलेली नोकरी त्यांना मिळणार आणि नकाराच्या एका वाक्यात ती हवेत विरणार, खुर्च्यांची स्तुती करून. मला त्यांना सांगावंसं वाटलं. ज्यांच्यामुळे मी इथवर आलो त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार, की तुम्ही उठू नका? खरवंडीकर चेनची फाइल मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

दार उघडलं. "सदानंद?"

ते उठले नाहीत. नेहमीचंच होतं.

"सदानंद खरवंडीकर?"

आता उठतील म्हणून मी पाय आखडून घेतले. ते हलले नाहीत. त्यांनी डोळे मिटले होते. ती मुलगी नवीन होती, कागदावरची नावं वाचत होती, चेहरे तिला माहीत नव्हते. तिनं हॉलवरून नजर फिरवली, आत गेली, पुन्हा आली. "सदानंद आहेत का इथे?" जरा मोठ्यानं, काळजीनं. जिन्याकडे जाऊन तिथेही एकदा हाक मारून आली. खरवंडीकर डोळे मिटून ऐकत होते. थंडीत उन्हाला बसलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मी एकदा त्यांच्याकडे, एकदा दाराकडे बघत होतो.

मग माझं नाव आलं. मी ताडकन उठायला गेलो, तर त्यांनी डोळे न उघडता माझी बाही धरली. "दुसऱ्या हाकेला," ते पुटपुटले.

आत डायरेक्टर म्हणाले, "स्वतःविषयी सांगा." मी शालूच्या कापडापासून सुरुवात केली.

बाहेर आलो तेव्हा हॉल रिकामा होता. खरवंडीकर रस्त्यापलीकडे बसस्टॉपवर उभे होते. माझं तोंड बघूनच माझी निवड झाल्याचं त्यांना कळलं. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही.

"चहा फिका होता," मी काही बोलायच्या आत ते म्हणाले. "असल्या कंपनीत मी जात नसतो."

बस आली, आम्हाला खिडकीची जागा मिळाली. येरवडा मागे पडला. मग मीच म्हटलं, "तुम्ही हे माझ्यासाठी केलंत."

"माझंही काही वाया गेलं नाही," ते म्हणाले. "मला चार हाका मिळाल्या. एरवी दोनच मिळतात."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते खिडकीबाहेर बघत सांगत राहिले, पगाराच्या प्रोग्रॅमविषयी सांगावं तितक्याच कोरड्या आवाजात. "आई जेवायला हाक मारायची. पहिली स्वयंपाकघरातून, हळू. दुसरी दारात येऊन, मोठ्यानं, पूर्ण नाव घेऊन. मी पहिल्या हाकेला कधी जायचो नाही. गेलं की दुसरी मिळत नाही. चाळिशी आली तरी हेच चालायचं आमचं. आता घरात हाक मारायला कुणी नाही. ऑफिसात नावानं बोलावतात ते काम सांगायला. ते मला नको वाटतं. मुलाखतीला कसं, दार उघडतं, कुणीतरी बाहेर येतं, आपलं नाव घेतं आणि आत या म्हणतं. आत गेलो की विचारतात, स्वतःविषयी सांगा. आणि ऐकून घेतात." मग म्हणाले, "शनिवार बरा जातो."

इतके दिवस ज्या माणसाच्या हुशारीपुढे मी मान तुकवत होतो, त्याचं एकटेपण मला दिसलंच नव्हतं. स्वतःच्या लाडक्या शनिवारातली सगळ्यात मोठी गोष्ट, ते आत जाणं, त्यांनी माझ्या पदरात टाकलं होतं आणि वर चहाला नावं ठेवून मोकळे झाले होते.

नवी नोकरी सुरू झाली तशी आई वाशिमहून कोथरूडला माझ्या खोलीवर आली. तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पदर खोचला. "त्या सरले जेवाले घेऊन ये," म्हणाली. "ते आल्याबिगर मी ताट वाढत नाई."

रविवारी मी कसब्यात गेलो. खाली ठक ठक चालूच होती. जिना चढून दारापाशी उभा राहिलो आणि अडलो. पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक कशी मारायची? आमच्याकडे असं केलं तर कानाखाली बसते. खरवंडीकर म्हणावं, तर इतक्या लांब येण्यात अर्थ नव्हता. शेवटी मनाचा हिय्या केला आणि हळूच म्हटलं, "अहो सदानंद, जेवायला चला."

आत खुर्ची सरकली. सपाता फटफटत दारापर्यंत आल्या आणि दाराच्या आतल्या बाजूला थांबल्या. कडी निघाली नाही. मी वाट पाहिली. दारापलीकडे ते उभे होते, हे मला स्पष्ट कळत होतं.

मग मी घसा साफ केला आणि खालच्या ठोक्यांच्या वर जाईल अशा आवाजात, पूर्ण नाव घेऊन, दुसरी हाक मारली.